शाळा सुरू होण्याआधी मुलाला स्वतःचं स्वतः काय यायला हवं, आणि ते कोणत्या क्रमानं शिकवायचं

नर्सरी किंवा केजी-वनच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गात रडारड झाली की मुलाला आईची आठवण येतेय असं आपण धरून चालतो. त्यातली बरीचशी रडारड वेगळ्याच कारणांची असते. डब्याचं झाकण उघडत नाही. चड्डी खाली गेली, पण वर येत नाही. शू लागलीय, पण कुणाला आणि कसं सांगायचं ते कळत नाही. इंदूरला लहान मुलांच्या वर्गात काम करताना मी हे दरवर्षी बघते, आणि घरी विचारलं की दरवर्षी एकच उत्तर येतं: "अहो, घरी तर सगळं स्वतः करतो तो!"

ते खरंच असतं. घरी तो करतो, पण घरचा कमोड, घरचा मग, इलॅस्टिकची चड्डी आणि दाराबाहेर उभी असलेली आजी, एवढं सगळं जमून आलेलं असताना करतो. म्हणून एखादी गोष्ट मुलाला "येते" असं कधी म्हणायचं ते आधी ठरवून घ्या. शाळेच्या कपड्यांत, शाळेसारख्या वस्तूंनी, कुणी आठवण न करता आणि शाळेत मिळेल तेवढ्याच वेळात जमलं, तर येते. नाहीतर अजून शिकवायचं आहे.

पहिली तयारी: आधी शाळा बघून या

बहुतेकांचं इथेच चुकतं. प्रवेशाच्या वेळी आपण फी, व्हॅन आणि पुस्तकं विचारतो, संडास बघायचं राहून जातं. एकदा वेळ काढून जा आणि लहान मुलांसाठीचं स्वच्छतागृह बघू द्या असं सरळ विचारा. कमोड आहे की बसकं भांडं? कमोड लहान मुलांच्या उंचीचा आहे का? जेट आहे की बादली-मग? नळ फिरवायचा आहे की दाबायचा? मुलांबरोबर आत कोण जातं? डबा खायला किती वेळ देतात, आणि मुलं बाकावर बसून खातात की खाली सतरंजीवर?

नळाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो नाही. इंदूरच्या कितीतरी घरांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे मुलं बादलीतून मगानं पाणी घेऊन हात धुवायला शिकलेली असतात. शाळेत निघतो दाबून धरायचा नळ. एक हात नळावर, मग दुसरा हात चोळायचा कशानं? या पेचात मूल बोटांची टोकं भिजवून परत येतं. हे आधी माहीत असेल तर घरी सांगता येतं: नळ दाब, दोन्ही हात ओले कर, सोड, साबण चोळ, परत दाब.

गणवेशही लवकर घ्या. हूक, चेन, पट्टा, बटणं यातलं काय आहे ते कळल्याशिवाय सराव कशावर करणार? डबा आणि बाटली घेताना मुलाला दुकानात बरोबर न्या आणि विकत घेण्याआधी त्याच्याकडूनच उघडून बघा. राजवाड्याच्या बाजारात कार्टूनचं चित्र बघून घेतलेले आणि झाकण दगडासारखं बसणारे डबे मी पुष्कळ पाहिले आहेत.

सुरुवात कधी करायची? आपल्याकडे बहुतेक शाळा एप्रिलच्या सुरुवातीला भरतात, मे महिन्यात सुट्टी लागते आणि जूनच्या मध्याला पुन्हा उघडतात. म्हणजे जानेवारीत लागायला हवं, फार तर फेब्रुवारीत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम शिकवायला घेतलं की मूल बावरतं आणि आधी येत असलेलंही विसरतं.

सावध: घरात नवं बाळ येणार असेल, घर बदलायचं असेल किंवा मूल नुकतंच आजारातून उठलं असेल, तर ते दोन-तीन आठवडे नवं काही सुरू करू नका.

दुसरी तयारी: शेवटापासून शिकवा

कोणतंही काम मुलाला पहिल्या पायरीपासून शिकवायला घेतलं की अर्ध्यात त्याचा धीर सुटतो आणि उरलेलं आपण पूर्ण करतो. त्याच्या लक्षात राहतं एवढंच, की काम आई पुरं करते. म्हणून उलट दिशेनं चला. चड्डी घालायची असेल तर सुरुवातीला तुम्हीच ती कंबरेच्या किंचित खालपर्यंत आणून सोडा, शेवटचा ओढा त्याला देऊ द्या. दोन-चार दिवसांनी मांडीपर्यंत आणून सोडा, मग गुडघ्यापर्यंत, मग पावलांपाशी. दर वेळी काम संपवणारं मूलच असतं.

दाखवताना समोर बसू नका. समोरून तुमचा उजवा हात त्याला उलट्या बाजूला दिसतो. त्याच्या पाठीमागे बसा, तुमचे हात त्याच्या हातांवरून पुढे आणा आणि सावकाश करून दाखवा. बोलायचं अगदी कमी: "पकड. ओढ. सोड." मूल डावखुरं असेल तर तुम्हीही डाव्या हातानं दाखवा, हात बदलायला लावू नका.

आणि एका वेळी एकच कौशल्य. डबा, बूट, शू असं तिन्ही एका आठवड्यात काढू नका.

टप्पा १: शी-शू

हा टप्पा सगळ्यांत लांब आहे. याला दीड-दोन महिने द्या आणि बाकी काही राहिलं तरी हे राहू देऊ नका. दिवसाचा डायपर बंद केल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. "फक्त बाहेर जाताना घालतो" हेही बंद. शाळा बाहेरच असते, त्यामुळे बाहेर डायपर असतो हे मूल शिकलं की शाळेत त्याचा गोंधळ होणारच. रात्रीची गोष्ट वेगळी आहे. पाच वर्षांपर्यंत झोपेत अंथरूण ओलं होणं सर्रास आढळतं, त्याचा शाळेच्या तयारीशी संबंध लावू नका आणि त्यावरून मुलाला बोलूही नका.

करण्याचा क्रम असा असतो:

१. लागल्याचं वेळेत ओळखणं आणि सांगणं.
२. चड्डी-पॅन्ट गुडघ्यापर्यंत खाली घेणं.
३. नीट बसणं किंवा उभं राहणं, आणि पूर्ण होईपर्यंत थांबणं.
४. धुणं.
५. कपडे वर घेणं.
६. फ्लश करणं किंवा पाणी ओतणं.
७. साबणानं हात धुणं.

शिकवण्याचा क्रम याहून वेगळा ठेवा. आधी ५ आणि २, मग ७ आणि ६, मग ३, आणि सगळ्यांत जास्त दिवस ४ ला. पहिली पायरी रोजच्या बोलण्यातून हळूहळू पक्की होते, तिच्यासाठी वेगळा तास लागत नाही.

दुसऱ्या पायरीकडे नीट बघा. घरी पुष्कळ मुलं कपडे पूर्ण काढून बाहेर फेकतात आणि मग संडासात जातात. घरी ते चालून जातं. शाळेत बूट-मोजे घातलेले असतात, खाली फरशी ओली असते, पॅन्ट बुटांत अडकते, आणि मूल अर्धी पॅन्ट पायात घेऊन ओल्या फरशीवर उभं राहतं. म्हणून पहिल्या दिवसापासून "गुडघ्यापर्यंतच" हा नियम ठेवा. मुलींना फ्रॉकचा किंवा स्कर्टचा घेर पुढे गोळा करून एका हातात धरायला शिकवा, नाहीतर मागचा काठ भिजतो. मुलांच्या पॅन्टला चेन असेल तर आत चड्डी हवीच, आणि चेन लावताना कापड अंगापासून पुढे ओढून धरायचं. पहिल्या वर्षी शाळा परवानगी देत असेल तर सरळ इलॅस्टिकची पॅन्ट घ्या.

बसण्याबाबत: घरी कमोडवर लहान सीट ठेवून सवय लागलेली असेल तर मोठ्या कमोडवर मुलाला आत पडू अशी भीती वाटते. सीट काढा, पायाखाली पाट ठेवा, आणि दोन्ही हातांनी कडा धरून पुढे सरकून बसायला शिकवा. शाळेत बसकं भांडं असेल आणि घरी नसेल, तर आजोळी, शेजारी, जिथे असेल तिथे मुद्दाम नेऊन आणा. उकिडवं बसण्याचा सराव तर अंगणातही होतो. पाऊल पूर्ण टेकवून उकिडवं बसून बेडूकउड्या मारायला सांगा, पायांत बळ येतं. काही मुलं फ्लशच्या आवाजाला घाबरतात. त्यांना आधी दारात उभं राहून दुसऱ्यानं केलेला फ्लश बघू द्या.

आता धुणं. याची तालीम संडासात करू नका, आंघोळीच्या वेळी करा. तिथे घाई नसते, वास नसतो, चुकलं तरी अंगावर पाणीच पडतं. अर्ध्या लिटरचा हलका मग घ्या, मोठा मग या वयात एका हातानं पेलत नाही. मूल उकिडवं बसेल, एका हातानं मागून हळूहळू पाणी सोडेल आणि दुसऱ्या हातानं चोळेल. सुरुवातीला मगातलं सगळं पाणी एकदम पाठीवर जातं. हरकत नाही, दुसरा मग द्या. मुलींना पुढून मागे हात न्यायचा, मागून पुढे नाही, हे पहिल्यापासून सांगा, कारण उलट केलं तर मागचे जंतू लघवीच्या जागी जाऊन संसर्ग होऊ शकतो. शाळेत जेट असेल तर तो आधी खाली भांड्यात सोडून जोर बघायचा, मग अंगाकडे वळवायचा. हे न शिकवल्यामुळे कपडे भिजवून बाहेर येणारी मुलं मी खूप बघितली आहेत.

चार वर्षांच्या मुलाकडून शी नंतर अगदी चोख धुण्याची अपेक्षा ठेवू नका. तिथे दीदीची, म्हणजे शाळेतल्या मदतनीस बाईंची, मदत लागते. आपण एवढं करू शकतो, की शी शक्यतो घरीच होईल अशी सवय लावू शकतो. काही खाल्लं-प्यायलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळी दूध-नाश्ता झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा. त्यासाठी अर्धा तास लवकर उठावं लागतं आणि तो अर्धा तास आईवडिलांनी काढायचा आहे. मुलाला घाई करून शी होत नसते.

थांबा, तपासा: गणवेश आणि बूट घालून, तुम्ही खोलीबाहेर असताना, मूल शूला जाऊन कपडे सारखे करून परत आलं का? सलग चार-पाच दिवस आलं तर पुढे जा.

सावध: शाळेत शू लागू नये म्हणून पाणी कमी पाजू नका, बाटली अर्धी भरून देऊ नका. एप्रिलात इंदूरचा पारा चाळिशीला टेकतो. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, शी कडक होते, आणि कडक शी दुखते म्हणून मूल ती धरून ठेवायला लागतं. मग चड्डीला डाग लागू लागतात आणि मूल उगाच बोलणी खातं. पाणी, पपई, पेरू, भाज्या वाढवा, दुधाचे पेले मोजून द्या. शीतून रक्त गेलं, पोट सारखं दुखत असेल, किंवा आधी कोरडं राहणारं मूल अचानक दिवसा भिजायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चार वर्षं पूर्ण होऊनही दिवसा अजिबात जमत नसेल तरी दाखवा.

"शाळेत शू केलीस तर मॅम मारतील" हे वाक्य घरातल्या कुणीही म्हणायचं नाही, आजी-आजोबांनीही नाही. ते ऐकलेली मुलं सकाळी आठपासून साडेबारापर्यंत धरून बसतात.

टप्पा २: हात धुणं

नळाचं वर आलंच आहे. राहिला साबण. मुलं तळवे चोळतात आणि संपलं म्हणतात. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं असा एकच क्रम ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. वेळ वीस सेकंद, म्हणजे वीसपर्यंत सावकाश मोजून होईपर्यंत. बाह्या आधी वर सारायच्या. धुवून झाल्यावर हात शर्टाला न पुसता खिशातल्या रुमालाला. कधी धुवायचे ते दोनच प्रसंग पक्के करा: संडासातून आल्यावर आणि खाण्याआधी.

टप्पा ३: डबा आणि बाटली

आपल्या घरांतली खरी अडचण आधी सांगते. मूल भरवल्याशिवाय जेवत नाही. आजी मागे फिरून एक घास चिऊचा, एक काऊचा करते, किंवा मोबाइल समोर ठेवला की तोंड उघडतं. पोट भरतं, पण मुलाला ते कळत नाही. शाळेत गोष्टही नसते आणि मोबाइलही नसतो, म्हणून डबा जसाच्या तसा परत येतो.

शाळेआधी किमान सहा आठवडे दिवसातलं एक खाणं मूल स्वतः खाईल असं ठरवा. दुपारचं चारचं खाणं त्यासाठी बरं, कारण जेवणाइतकी काळजी त्यात नसते. पानात थोडंच वाढा. पंधरा-वीस मिनिटांनी पान उचला, राहिलं असेल तर राहू द्या, रागावू नका आणि लगेच मागून बिस्किटंही देऊ नका. पहिले काही दिवस कमी खाईल. आजीला हे बघवत नाही, हे मला माहीत आहे. तिला आधीच समजावून सांगा आणि त्या वेळी तिच्याकडे दुसरं काही काम सोपवा.

मग तेच खाणं डब्यातून द्या. शाळेचाच डबा, शाळेचाच नॅपकिन, शाळेत बसतात तसंच बसायचं. क्रम असा: हात धू, नॅपकिन पसर, डबा नॅपकिनवर ठेव, झाकण उघड, खा, उरलेलं डब्यातच, झाकण लाव, तोंड पूस. झाकण शिकवताना क्लिपच्या खाली अंगठा आणि वर बोटं कुठे येतात ते बघा. पुष्कळ मुलं डबा पोटाशी धरून झाकण ओढतात, ते एकदम निघतं आणि भाजी शर्टावर येते. डबा टेकवून, एका हातानं दाबून धरून, दुसऱ्या हातानं एकेक क्लिप सोडायची. स्टीलचा गोल डबा फार घट्ट असेल तर तो पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

पहिल्या महिन्यात डब्यात काय द्यायचं? हातानं धरून खाता येईल असं. पोळीचा रोल, थालीपिठाचे तुकडे, धिरडं, इडली. पोहे सगळ्या इंदूरला आवडतात, पण ते चमच्याचं काम आहे, अर्धे सांडतात, आणि वरची शेव तोवर मऊ पडलेली असते. चमचा हातात नीट बसला की मग पोहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात देऊ नका, घशात अडकू शकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. मोसंबी-संत्र सोलून, केळं मात्र सालीसकट, टोकाला थोडं फाडून. उरलेली साल स्वतः काढण्यात मुलाला मोठी फुशारकी वाटते.

कचऱ्याचं घरी सांगून ठेवा. ओला हिरव्या डब्यात आणि सुका निळ्यात हे इंदूरच्या मुलांना सकाळच्या गाडीमुळे दिसत असतं, पण टाकतो आपण. साल आणि कागद रोज त्यालाच टाकू द्या.

बाटलीबद्दल तीन गोष्टी बघा. झाकण स्वतः उघडून परत गळणार नाही असं लागतं का, तोंडाला लावून प्यायल्यावर ठसका लागत नाही ना, आणि वजन पेलतं का. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. नळीच्या बाटलीत नळी आतून साफ होत नाही, तिथे बुरशी धरते. रोज ब्रशनं धुणार नसाल तर साध्या तोंडाची घ्या.

थांबा, तपासा: वीस मिनिटांचं घड्याळ लावा आणि दुसऱ्या खोलीत जा. परत आल्यावर डबा बंद, बाटली बंद आणि अर्ध्याहून जास्त खाणं पोटात असेल तर हा टप्पा झाला.

टप्पा ४: कपडे, बूट, दप्तर

बटणं वरून लावायला घेतली की हनुवटीखालचं बटण दिसतच नाही. खालच्या बटणापासून सुरू करा, दोन्ही काठ सारखे जुळतात. आधी तुमच्या जुन्या, मोठ्या बटणांच्या स्वेटरवर सराव, तोही मांडीवर ठेवून, मग अंगावर. चार वर्षांच्या मुलाला लहान बटणं जमली नाहीत तर घाबरून जाऊ नका. पण बटण काढता यायला हवं.

इंदूरला जानेवारीत सकाळी थंडी असते, तेव्हा पुढून उघडणारा स्वेटर शिकवून टाका. स्वेटर जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर आणि गळा मुलाच्या पायांकडे. मुलानं वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि हात डोक्यावरून मागे न्यायचे. स्वेटर आपोआप पाठीवर येतो. मुलांना हे फार आवडतं.

बूट वेलक्रोचेच घ्या. नाडी बांधणं साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास येतं, त्याआधी नाडीचे बूट दिले की कुणीतरी सारखं वाकून बांधत बसावं लागतं. मुलींच्या बकलच्या बुटांचंही तेच. डावा-उजवा ओळखायला एक गोल स्टिकर मधोमध कापा आणि एकेक अर्धा दोन्ही बुटांच्या आत, कडेला लावा. बूट बरोबर शेजारी ठेवले की गोल पूर्ण होतो. मोज्यात टाच कुठे येते ते बोटानं दाखवा, बाकी मोजा आपोआप सरळ होतो. घालायचं ते बसूनच.

दप्तराच्या चेनला जाड रिबीन किंवा किल्लीची कडी अडकवा, बारीक पट्टी बोटांत येत नाही. डबा, बाटली, दप्तर, नॅपकिन या सगळ्यांवर नाव लिहाच, पण मुलाला अजून वाचता येत नाही हे विसरू नका. सगळ्यांवर एकच चित्र चिकटवा, पोपट म्हणा किंवा पतंग. ओळीनं ठेवलेल्या निळ्या बाटल्यांत मूल आपली बाटली चित्रावरूनच ओळखतं.

टप्पा ५: नाक आणि खोकला

नाक शिंकरणं मुलांना कठीण जातं, कारण "फुंकर मार" म्हटलं की ती तोंडानं मारतात. तळहातावर कागदाचा बारीक तुकडा ठेवा, तोंड मिटून नाकानं उडवायला सांगा. ते जमलं की एक नाकपुडी दाबून दुसरी हळू शिंकरायची. जोरानं शिंकरलं तर कानात दडे बसतात. खोकला-शिंक आली की तोंड कोपरात. रुमाल खिशात राहत नसेल तर कापडी नाडीनं काजाला बांधून द्या, सेफ्टी पिन नको.

टप्पा ६: सांगता येणं

मराठी घरांतल्या मुलांचं इथे हमखास अडतं. घरी "शू लागली" म्हटलं की चार जण धावतात. शाळेत मॅम आणि दीदी हिंदी बोलतात, त्यांना ते कळेलच असं नाही, आणि मूल एकदा सांगून गप्प बसतं. सगळी हिंदी शिकवायची गरज नाही. ही पाच वाक्यं खेळात घोटून घ्या: "मॅम, सूसू आई है." "पॉटी आई है." "पानी पीना है." "ये खुल नहीं रहा." "मुझे लग गई." आणि करंगळी वर करणं. वर्गात वेगळी खूण असेल तर ती विचारून घ्या आणि घरीही तीच वापरा.

सराव आईबरोबर करून भागत नाही, आईला न सांगताही कळतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे, किराणावाल्या भैयांकडे मुलाला स्वतः मागायला लावा. तुम्ही शेजारी उभे राहा, पण त्याच्या वतीनं बोलू नका. मूल दहा सेकंद घुटमळेल, तेवढं थांबणं आपल्याला जमलं पाहिजे.

याच टप्प्यात शरीराच्या सुरक्षेचं सांगा. चड्डीच्या आतल्या अवयवांची नावं मुलाला माहीत हवीत. धुवायला मदत कोण करेल हे ठरलेलं असावं: घरी आई-बाबा-आजी, शाळेत शाळेनं सांगितलेली दीदी. दुसऱ्या कुणी हात लावला किंवा "कुणाला सांगू नकोस" म्हटलं तर मोठ्यानं "नहीं!" म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं. सांगितल्यावर कधीही रागावणार नाही हे त्याला बोलून दाखवा, आणि तसंच वागा. स्वतःचं पूर्ण नाव आणि आई-बाबांचं नाव पाठ हवं. फोन नंबर पाच वर्षांच्या आसपास चालीत म्हणायला लावला की बसतो. काही गंभीर घडल्याची शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

टप्पा ७: रंगीत तालीम

शाळेच्या आधीचा एक पूर्ण आठवडा यासाठी मोकळा ठेवा. नवीन काही शिकवायचं नाही. शाळेच्या वेळेला उठणं, दूध-नाश्ता, शी, आंघोळ, गणवेश, बूट, दप्तर पाठीवर. मग बागेत किंवा नातेवाइकांकडे जाऊन, तिथे डबा खाऊन, तिथल्या संडासात जाऊन परत येणं. परक्या जागी हे एकदा झालं की पुष्कळ कच्चे दुवे दिसतात. जे जमलं नाही ते लिहून ठेवा, मुलासमोर त्याची चर्चा करू नका.

दप्तरात एका पिशवीत चड्डी, पॅन्ट आणि मोजे यांचा एक जोड ठेवा. पिशवी मुलाला दाखवा, तिच्यातून कपडे काढून एकदा बदलायलाही लावा. पिशवी असूनही मुलाला माहीत नसते, आणि मूल ओल्या कपड्यांत घरी येतं.

वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी चिठ्ठी द्या. मूल शूसाठी कोणता शब्द किंवा खूण वापरतं, काय अजून जमत नाही, कशाची ॲलर्जी आहे, कोणता हात वापरतं. चार ओळी पुरेत. "सगळं येतं" असं लिहू नका. जे येत नाही ते लिहिलं तरच दीदी वेळेवर हात पुढे करते.

सुट्टीनंतरची उजळणी

मे महिन्यात मुलं पुण्याला, नागपूरला आजोळी जातात आणि लाडाकोडात पुन्हा भरवून घ्यायला लागतात. ते स्वाभाविक आहे. निदान एक खाणं आणि शी-शूचे नियम तिकडेही तेच ठेवा, बाकी आजोळ मोकळं असू द्या. शाळा उघडायच्या आधी आठवडाभर परत तालीम घ्या. तोवर पाऊस तोंडावर आलेला असतो, म्हणून यादीत दोन गोष्टी वाढवा. रेनकोट स्वतः काढून उलटा न करता खुंटीवर अडकवता येणं, आणि मोजे ओले झाले की तसं सांगून दप्तरातला कोरडा जोड घालता येणं. रेनकोटच्या आत गळ्याशी एक मोठा लूप शिवून द्या. शाळेतली खुंटी उंच असते आणि दुकानातला लूप त्यात अडकत नाही.